उचल

शनिवारी रात्री कसारा लोकलला गिटार घेऊन चढलो की एक प्रश्न हमखास येतो. "यात काय आहे?" गिटार म्हटलं की दुसरा येतो, "काय वाजवता?" मी "ब्लूज" म्हणतो. समोरचा जरा विचार करतो आणि म्हणतो, "म्हणजे ते सॅड साँग का?"

कल्याण सुटलं की डबा रिकामा व्हायला लागतो. टिटवाळ्याला बसायला जागा मिळते. तिथून खडवली, वाशिंद येईपर्यंत मी समजावत राहतो आणि आसनगाव आलं की उतरतो. दहा-बारा वर्षं हे चाललंय. एकदाही नीट सांगता आलेलं नाही, म्हणून आता लिहूनच काढतो.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. आजोळ मुरबाडमध्ये, म्हशाच्या जवळ. म्हशाची जत्रा ऐकून असाल, पौषात भरते, बैलांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार. त्या जत्रेत मी पहिल्यांदा स्पीकरमधून फाटलेला आवाज ऐकला आणि तो मला आवडला. डिस्टॉर्शन हा शब्द नंतर कळला.

मामाची बेंजो पार्टी होती. ठाणे-रायगडकडच्या लोकांना बेंजो सांगायला नको. बाकीच्यांसाठी: बुलबुलतरंगाला पिकअप लावलेला, डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. हळद असो की गणपती, बेंजोशिवाय आमच्याकडे कोणी नाचत नसे. मामा कळ दाबून तशीच आणखी जोराने रेटायचा, मग सूर किंचित वर सरकायचा. मी विचारलं, असं का करतोस? तो म्हणाला, "नुसती कळ दाबली तर बेंजो वाजतो. रेटली तर बोलतो."

अमेरिकेतला बॅन्जो हे वेगळंच वाद्य आहे आणि ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तिकडे घडवलं, हे मला फार नंतर कळलं.

*

अकरावीला कल्याणला गेलो. २००९ साल. गाणी मिळवायची जागा म्हणजे मोबाईलचं दुकान. मेमरी कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपयांत तो भरून देणार. बँड काढला चौघांनी. मेटॅलिका वाजवायचो, म्हणजे प्रयत्न करायचो. माझ्याकडे आधी गिव्हसनची साधी गिटार होती, मग मामाने पैसे घातले आणि सेकंडहँड इलेक्ट्रिक आली. जितक्या वेगाने बोटं फिरतील तितका मोठा गिटारवाला, अशी आमची समजूत.

एकदा भरून आणलेल्या कार्डात मेटलच्या फोल्डरमध्ये एक गाणं चुकून आलं. गॅरी मूरचं 'स्टिल गॉट द ब्लूज'. भारतात गिटार शिकणाऱ्या बहुतेक पोरांच्या वाटेत हे गाणं कधी ना कधी येतंच. मी ते वाशिंद ते कल्याण ऐकलं आणि कल्याणला उतरायचं विसरलो.

हा मूर बेलफास्टचा. १९५२ चा जन्म. थिन लिझी या रॉक बँडमध्ये वाजवलं, पुढे स्वतःचे हेवी रॉकचे अल्बम केले, नाव झालं. आणि १९९० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो सगळा गडगडाट बाजूला ठेवून त्याने ब्लूजचा अल्बम काढला. सोबतीला अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स हे ब्लूजमधले बुजुर्ग बोलावले. मधे काही वर्षं तो दुसरीकडे भटकला आणि २००१ मध्ये परत आला, तेव्हा अल्बमचं नावच 'बॅक टू द ब्लूज' होतं. ६ फेब्रुवारी २०११ ला तो गेला, अठ्ठावन्न वर्षांचा. आमच्या बँडमधल्या कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. मी दिवसभर तो एकच सोलो वाजवत बसलो. मग बँडही फार टिकला नाही. एक बँकेच्या परीक्षांना लागला, एक पुण्याला गेला, ड्रमवाल्याने ड्रम विकले.

गंमत म्हणजे ते गाणं रचनेने ब्लूज नाहीच. नाव ब्लूज, गिटारचा स्वर ब्लूजचा, पण सुरावटींचा क्रम वेगळा. हे कळायला मला खरा ब्लूज ऐकावा लागला. तो ऐकला तेव्हा आधी कंटाळा आला. कारण त्यात काहीच घडत नव्हतं.

*

ब्लूजचा सांगाडा एवढासा आहे. बारा मात्रांचं नव्हे, बारा मापांचं एक आवर्तन. त्यात तीन कॉर्ड. बहुतेक वेळा पहिली ओळ गायची, तीच ओळ पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सुटते, तिथे गिटार बोलते. झालं आवर्तन. पुन्हा पहिल्यापासून. माणसं आयुष्यभर एवढंच वाजवतात.

मग ऐकायचं काय? तर दोन सुरांच्या मधलं. सा 'ए'चा धरला तर गिटारच्या तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याला कोमल गंधार असतो, सहाव्याला शुद्ध. ब्लूजवाला पाचव्यावर बोट ठेवतो आणि तार अगदी थोडी वाकवतो. सूर कोमलमधून निघतो, पण शुद्धापर्यंत पोचत नाही. पियानोवर तो सूर नाही, पट्ट्यांच्या फटीत आहे. किती वाकवायचं हे कोणी सांगू शकत नाही. मी गेली तेरा वर्षं ते पाव बोट वाकवणं शिकतोय.

मामाला एकदा बी. बी. किंग ऐकवला. मामा डोळे मिटून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "हा एकच सूर किती वेळ धरून बसलाय. पुढचं विसरला का?" मी हसलो. पण दुसऱ्या आवर्तनाला मामाने मांडीवर थाप दिली आणि बोट वर केलं, "आता वळंल." आणि बरोबर तिथेच ते वळलं. आवर्तन संपवून परत पहिल्या जागी आणणारा तो तुकडा मला समजायला महिना लागला होता.

*

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

शाळेत माझ्या बाकावर वाडीतला एक मुलगा होता. कातकरी. बाकावर तो असा ताल धरायचा की मास्तर फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मान हलवायचे. पण तो शाळेत असायचा जूनपासून दिवाळीपर्यंत. मग वाडीच रिकामी व्हायची. घरांना काटक्या लावून सगळी माणसं वीटभट्टीवर जायची, भिवंडीकडे, कल्याणकडे. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम उचल देऊन गेलेला असायचा. ती उचल फेडायला दिवाळी ते पाऊस विटा थापायच्या. आठवड्याला खर्ची मिळते. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो आणि पुष्कळदा त्या हिशोबात काही ना काही देणं उरतंच. ते पुढच्या वर्षात जातं.

मामाला पार्टीत ढोलकीला तो हवा होता. पण लग्नसराई एप्रिल-मे आणि तेव्हा तो भट्टीवर. मामा एकदा मुकादमाकडे गेला, हळदीच्या चार रात्री तरी सोडा म्हणून. मुकादम म्हणाला, "उचल भरा, घेऊन जा." मामाकडे तेवढे नव्हते. आमच्या भागातला सगळ्यात चांगला ढोलकीवाला लग्नाच्या हंगामात कधीच वाजवू शकला नाही. पुढे डीजे आले, बेंजो पार्टीच मोडली. मामा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागला.

खूप वर्षांनी मी मिसिसिपीबद्दल वाचायला लागलो. गुलामी कायद्याने संपल्यावरही तिथे काळी कुटुंबं गोऱ्या मालकाच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवत. बियाणं, खेचर, पीठमीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधार. कापूस निघाला की वर्षाखेर हिशोब. वही मालकाची, हिशोब मालकाचा, आणि कुटुंबाच्या नावावर देणं शिल्लक. वाचता वाचता मी पुस्तक खाली ठेवलं. मला दुसरा शब्दच सुचेना. उचल.

ब्लूज त्या माणसांत जन्मला. डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या वादकाने आत्मचरित्रात लिहिलंय की १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या स्टेशनात, उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत असताना, त्याच्या शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ परत परत गात होता. त्या माणसाचं नाव हँडीने विचारलं नाही. विचारलं असेल तर लिहिलं नाही. हँडीला पुढे ब्लूजचा जनक म्हटलं गेलं. स्टेशनातला माणूस स्टेशनातच राहिला.

आसनगावला गाडी लेट असली की मला तो माणूस आठवतो.

आणि इथे मी स्वतःला थांबवतो. कारण यापुढे एक सोपी वाट आहे: "आमच्या मातीतही ब्लूज आहे" म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. पण ते खरं नाही. मिसिसिपीत माणसांना झाडाला लटकवून मारत होते. ते दुःख त्यांचं आहे, भट्टीचं दुःख वाडीचं आहे. माझ्या बापाची दोन एकर भातशेती आहे. माझ्या गावात ब्लूजवर कोणाचा हक्क असेलच, तर तो माझा नाही. तो माझ्या बाकावरच्या मुलाचा आहे, आणि त्याने तो शब्दही ऐकलेला नाही.

*

मग मी काय करतोय? हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. अख्खा रॉक याच प्रश्नावर उभा आहे.

साठच्या दशकात इंग्लंडमधल्या गोऱ्या पोरांनी शिकागोच्या रेकॉर्ड ऐकून ब्लूज उचलला, आवाज वाढवला आणि जग जिंकलं. काहींनी नावं घेतली, काहींनी नाही. लेड झेपेलिनच्या 'होल लोटा लव्ह'मध्ये आपलं गाणं आहे, असं म्हणत विली डिक्सन १९८५ मध्ये कोर्टात गेला. १९८७ मध्ये तडजोड झाली. आज त्या गाण्यावर त्याचंही नाव असतं. अगदी माझ्या लाडक्या 'स्टिल गॉट द ब्लूज'चा सोलोसुद्धा एका जुन्या जर्मन बँडच्या गाण्यावरून घेतलाय, असा निकाल म्युनिकच्या कोर्टाने २००८ मध्ये दिला. ते वाचून मला दोन दिवस गिटार हातात घ्यावीशी वाटली नाही.

पण मूरची दुसरीही गोष्ट आहे. तरुणपणी त्याला पीटर ग्रीनने आपली लेस पॉल गिटार दिली. मूरने स्वतःची गिटार विकून जेवढे आले तेवढेच पैसे ग्रीनने घेतले. ग्रीन नंतर मनाने आजारी पडला, विस्मरणात गेला. १९९५ मध्ये मूरने त्याच गिटारवर फक्त ग्रीनची गाणी वाजवून अल्बम केला आणि नाव दिलं 'ब्लूज फॉर ग्रीनी'. पुढे ती गिटारही त्याला विकावी लागली. पण उचल कोणाकडून घेतली हे त्याने कव्हरवर लिहून ठेवलं.

मुंबईतही अशी माणसं आहेत. 'झीरो' या रॉक बँडचा गिटारवाला वॉरन मेंडोन्सा. त्याने स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा नाव घेतलं 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज'. २००७ मध्ये पहिला अल्बम. शब्द नाहीत, नुसती गिटार. बारा मापांचा कडक ब्लूज तो क्वचितच वाजवतो, पण सूर कसा धरून ठेवायचा हे त्याने कुठून घेतलं ते नावातच सांगून टाकलंय. त्याची गाणी ऐकली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मध्य रेल्वेच्या टप्प्यातला माणूसही हे करू शकतो.

*

फेब्रुवारी २०२३. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल. २०११ मध्ये हा सुरू झाला तेव्हापासून जायचं होतं. दर वर्षी तिकिटाचा आकडा बघायचो आणि ॲप बंद करायचो. या वर्षी घेतलं, कारण बडी गाय येत होता आणि तो शहाऐंशी वर्षांचा होता.

बडी गाय लुइझियानातल्या अर्धेलीच्या घरातला. लहानपणी कापूस वेचला. पहिलं वाद्य घरी केलेलं, दोन तारांचं. १९५७ मध्ये शिकागोला निघताना त्याने आजारी आईला थाप मारली होती, की तिकडे भरपूर पैसे मिळतील आणि मी पोल्का डॉटच्या कॅडिलॅक गाडीतून तुला भेटायला येईन. आईला कधी ती गाडी दिसली नाही. म्हणून तो आयुष्यभर पोल्का डॉटची गिटार वाजवत आला. हे तो मुलाखतींमधून सांगत असतो. त्या दिवशी लांबून ते ठिपके दिसले आणि माझे डोळे भरले. शेजारच्याला वाटलं धूर गेला असेल.

त्याच फेस्टिव्हलला किंगफिश इंग्रमही होता. १९९९ चा जन्म, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. माझ्यापेक्षा लहान. त्याच्या वाजवण्यात मला घाई दिसली नाही. ज्याचं घर आहे त्याला दार ठोठावावं लागत नाही, तसं ते होतं.

मध्यंतरात पाणी प्यायलो आणि हसू आलं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा आमच्या शहापुरातल्या भातसातून येतो. तानसा तर १८९२ पासून पाणी देतंय. आणि मार्च लागला की धरणांच्या शेजारच्या आमच्या पाड्यांवर टँकर. ही उचल कोणाच्या वहीत लिहिलीय कोण जाणे.

शेवटची कसारा मिळाली. दारात उभा राहून मी ठरवलं की आता बास, फक्त ब्लूज वाजवायचा. दोन वाजता घरी पोचेपर्यंत ते विसरलोही. सकाळी गोदामात शिफ्ट होती.

*

पुढच्या पावसाळ्यात एका इव्हेंटवाल्याचा फोन आला. ओळखीतून नंबर मिळाला होता. कल्पना त्याची तयार होती: ट्रायबल ब्लूज. मी गिटार वाजवायची, मागे तीन-चार आदिवासी पारंपरिक वेशात, एक तारपा, एक ढोल. "ऑथेंटिक पाहिजे," तो म्हणाला. माझं मानधन त्याने सांगितलं. आजवर मला कोणी तेवढं दिलं नव्हतं.

मी वाडीत गेलो. तो घरीच होता, गळकं छप्पर शाकारत होता. आम्ही बऱ्याच वर्षांनी नीट बोलत होतो. मी सगळं सांगितलं. ब्लूज म्हणजे काय तेही सांगितलं, लोकलमधल्यापेक्षा वाईट सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"उचल किती देतील?"

मी तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, त्यांना जाण्या-येण्याचा खर्च आणि जेवण देऊ, त्यांच्यासाठी प्लॅटफॉर्म मोठा आहे. मी फोन ठेवला. तो छपरावरून माझ्याकडे बघत होता. मला तोंड वर करून सांगता येईना. मग तोच म्हणाला, "मुकादम तरी आधी पैसे ठेवतो रे."

तो कार्यक्रम मी केला नाही. यात मोठेपणा नाही. पैसे सोडताना पोटात कालवलंच. पण त्या एका वाक्यानंतर मी स्टेजवर कोणत्या तोंडाने ते पाव बोट वाकवणार होतो?

*

आता काय चाललंय ते सांगतो.

शहापूर-मुरबाडमध्ये फार्महाऊस आणि रिसॉर्टची गर्दी झालीय. शनिवारी मुंबईची माणसं येतात, त्यांना चुलीवरचं मटण आणि लाईव्ह म्युझिक लागतं. मी तिथे वाजवतो. हिंदी गाणी, अनप्लग्ड. शेवटी, माणसं जेवणाकडे वळली की, दोन-तीन ब्लूज. कोणी ऐकत नाही, म्हणून मनासारखे वाजतात.

गेल्या पावसाळ्यापासून तोही येतो. मी एक कहोन घेतलाय, ज्यावर बसून हाताने वाजवायचं ते खोकं. त्याला शिकवायला काही लागलं नाही, शाळेतल्या बाकासारखाच आहे म्हणाला. पहिल्या दिवशी बारा मापं समजावून सांगत होतो. त्याने दोन आवर्तनं ऐकली आणि मामासारखाच नेमका वळणावर थाप देऊन थांबला. ब्लूजबद्दल त्याने मला अजून काही विचारलेलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "हे गाणं भट्टीवर चालंल. विटा मोजताना."

पैसे मिळाले की तिथेच पार्किंगमध्ये, मोबाईलच्या उजेडात, अर्धे-अर्धे. मी वही ठेवत नाही. पुढचं मागचं काही धरत नाही. तो मोजून घेतो. कायम मोजून घेतो, आणि तेच बरोबर आहे.

गोष्ट इथे सुखाने संपत नाही. या दिवाळीनंतरही तो भट्टीवर गेला. उचल घेतलेली होती, बायकोच्या दवाखान्यासाठी. पडघ्याच्या बाजूला भट्टी आहे. सुट्टी बाजाराच्या दिवशी, पण एखाद्या शनिवारी जमवून मित्राच्या मोटारसायकलवरून येतो. नखांत माती असते. कहोनच्या पुढच्या फळीवर त्याच्या तळव्यांचे दोन तांबूस ठसे उठलेत. मी ते पुसत नाही. पुसून काढले तरी पुढच्या वेळी उठणारच.

ब्लूज सॅड साँग आहे का, या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. एवढं कळलंय की मी जे वाजवतो ते उचल आहे. ज्यांच्याकडून घेतली ते मिसिसिपीत मेले, मूर मेला, स्टेशनातल्या माणसाचं नावही माहीत नाही. ती फिटणार नाही. हप्ता मात्र जिथे आहे तिथे भरता येतो, पार्किंगमध्ये, अर्धा-अर्धा.

परवाच्या शनिवारी तो उशिरा आला. घाईघाईत हात धुतले, खोक्यावर बसला. माणसं मटणाकडे गेली होती.

"शेवटचं काय?" त्याने विचारलं. "तेच?"

"तेच."